एकच नाव, सात सीटीबी: एका आर्किटेक्ट ऑफिसमधल्या प्लॉट सेटिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

ऑफिस पुण्यातलं. दोन भागीदार आर्किटेक्ट, ड्रॉइंगची अठरा मशीन, छत्तीस इंची रोलचा एक प्लॉटर आणि एक ए३ प्रिंटर. कामं बहुतेक निवासी इमारतींची, शिवाय आखाती देशातल्या एका मुख्य सल्लागारासाठी केलेलं ड्राफ्टिंग. बारा मशीनवर पूर्ण ऑटोकॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, आणि सहावर एलटी या त्याच्या कमी सोयींच्या भावंडाची जुनी आवृत्ती. ओळख पटू नये म्हणून प्रकल्पांचे क्रमांक आणि काही तपशील बदलले आहेत. अडचण आणि निर्णय मात्र जसे घडले तसेच मांडले आहेत. मी या ऑफिसचा नोकर नाही. ड्रॉइंगची शिस्त बसवण्यासाठी बाहेरून बोलावलेला माणूस, एवढाच माझा संबंध.

ऑटोकॅडमध्ये छपाईची माहिती एका जागी नसते, आणि या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे. प्लॉटर कुठला, ड्रायव्हर कुठला, कागद कुठले हे पीसी-थ्री फाइलमध्ये. आपण स्वतः बनवलेले कागदाचे आकार तिला जोडलेल्या पीएमपी फाइलमध्ये. स्क्रीनवरच्या २५५ रंगांपैकी कुठला रंग किती जाडीचा आणि कुठल्या शाईत छापायचा ते सीटीबी नावाच्या प्लॉट स्टाइल फाइलमध्ये. ड्रॉइंगच्या आत साठवलेल्या पेज सेटअपमध्ये प्लॉटर आणि सीटीबी यांची फक्त नावं असतात. त्या नावाची फाइल कुठे आहे हे ड्रॉइंगला ठाऊक नसतं. ज्या मशीनवर ते उघडलं, त्या मशीनच्या ऑप्शन्समध्ये जी फोल्डरं दिलेली असतील तिथे तिचा शोध होतो. म्हणजे डीडब्ल्यूजी (ड्रॉइंगची फाइल) तीच, पेज सेटअप तेच, आणि दोन मशीनवरून दोन वेगळे कागद बाहेर येऊ शकतात.

या ऑफिसमध्ये प्रत्येक मशीन आपापल्या रोमिंग फोल्डरातून, म्हणजे वापरणाऱ्याच्या विंडोज खात्यातल्या फोल्डरातून, फाइली घेत होतं. नवीन माणूस आला की शेजारचा त्याला पेन ड्राइव्हवर ‘आपली सीटीबी’ द्यायचा. गोडा मसाला जसा घरोघरी नावाने एकच आणि चवीने वेगळा, तसं त्या सीटीबीचं झालं होतं.

छपाईच्या गरजाही तीन तऱ्हेच्या होत्या. साइटवर जाणारी जीएफसी (गुड फॉर कन्स्ट्रक्शन, बांधकामासाठी पक्की) ड्रॉइंग काळी. रंग फक्त जाडी ठरवण्यापुरते: लाल ०.१८ मिलिमीटर, हिरवा ०.२५, पिवळा ०.३५, आणि राखाडी आठ नंबर ०.१३ जाडीत, पन्नास टक्के स्क्रीनिंग देऊन, म्हणजे अर्ध्याच शाईत. मंजुरीच्या नकाशांत मात्र रंगालाच अर्थ असतो. प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं काम पिवळ्या हॅचमध्ये, अस्तित्वातला रस्ता हिरवा, ड्रेनेज लाल तुटक रेषेत. तिथे लाल लालच छापावा लागतो. तिसरं, आखातातल्या सल्लागाराचं काम. तिथे त्यांचंच टेम्प्लेट, त्यांचीच प्लॉट स्टाइल, आणि छपाई म्हणून द्यायची ती फक्त पीडीएफ.

काय घडलं

मंजुरीचा एक संच तयार करताना एका ड्राफ्ट्समनला लाल, पिवळा आणि हिरवा हे रंग खऱ्या रंगात हवे होते. त्याने ऑफिसची सीटीबी एडिटरमध्ये उघडली, १, २ आणि ३ या रंगांपुढची ‘काळा’ ही नोंद बदलून खरे रंग दिले आणि सेव्ह केलं. फाइलचं नाव तेच राहिलं. मंजुरीचा संच छान निघाला. नगररचनेच्या टेबलावर कुणी काही बोललं नाही, त्यामुळे ऑफिसातही कुणी बोललं नाही.

काही आठवड्यांनी दुसऱ्या एका इमारतीचा स्लॅबचा संच त्याच मशीनवरून पीडीएफ होऊन गेला. टॉयलेटच्या संक, म्हणजे बाकी स्लॅबपेक्षा खाली सोडलेल्या, भागाची हद्द ऑफिसच्या पद्धतीप्रमाणे पिवळ्या रंगात काढलेली होती. काळ्या सीटीबीने ती ०.३५ ची ठळक रेषा झाली असती. या पीडीएफमध्ये ती पांढऱ्यावर पिवळी आली. कंत्राटदाराने पीडीएफ जवळच्या दुकानातून काळ्यापांढऱ्या लेसरवर काढून घेतली आणि तिच्या झेरॉक्स साइटवर वाटल्या. झेरॉक्सवर त्या रेषेचे फिकट ठिपके उरले होते. सेंटरिंगच्या मिस्त्रीने संक न सोडता सपाट प्लाय मारली.

स्लॅब भरण्याआधी स्टीलची तपासणी करायला आलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ते लक्षात आलं. दोन टॉयलेटची सेंटरिंग उचलून पुन्हा बांधावी लागली, रेडीमिक्सची ऑर्डर पुढे ढकलावी लागली. नुकसान मोठं नव्हतं, पण कंत्राटदाराचं पत्र आलं: ‘आपल्या ड्रॉइंगवर संक दाखवलेला नाही.’ भागीदारांनी डीडब्ल्यूजी उघडली तर संक तिथे होता, आकड्यासकट.

ऑफिसची कॅड समन्वयक त्या ड्राफ्ट्समनशी बोलली तो संवाद मी ऐकला आहे.

‘ताई, हीच फाइल मागच्या वेळी बरोबर निघाली होती हो.’

‘मागच्या वेळी कुठल्या मशीनवरून काढली होतीस?’

तो थोडा वेळ गप्प राहिला. ‘खिडकीजवळच्या.’

ते खिडकीजवळचं मशीन या प्रकरणात पुन्हा येणार आहे.

एक गोष्ट इथेच नोंदवतो, कारण पुढे सगळं बोलणं फाइलींवर गेलं आणि ही बाजूला पडली. ड्रॉइंग तपासणाऱ्याने तपासणी डीडब्ल्यूजीवर, काळ्या पडद्यावर केली होती. तिथे पिवळा खूप ठळक दिसतो. जी पीडीएफ बाहेर गेली ती कुणीच उघडून पाहिली नव्हती.

तपास

पहिलं काम होतं प्रत्येक मशीनवरच्या प्लॉटच्या फाइली गोळा करणं. काहीही न बदलता अठराही मशीनवरून पीसी-थ्री, पीएमपी आणि सीटीबी उचलून मशीनच्या नावाच्या फोल्डरात ठेवल्या. ऑफिसच्या सीटीबीचं नाव सगळीकडे तेच होतं. आत सात वेगवेगळे प्रकार निघाले.

सीटीबी आतून दाबून ठेवलेली असते. नोटपॅडमध्ये उघडली तर कचरा दिसतो, त्यामुळे दोन फाइली शेजारी ठेवून ओळीने तुलना होत नाही. यावर केलेला उपाय साधा पण उपयोगी. एका ड्रॉइंगमध्ये २५५ रेषा, प्रत्येक रंगाची एक, शेजारी रंगाचा क्रमांक. हे ड्रॉइंग सातही सीटीबींनी पीडीएफ केलं आणि कागदावर छापून भिंतीला लावलं. कुणाची आठ नंबरची राखाडी गायब, कुणाचा हिरवा ०.५, एकाचा पिवळा पिवळाच. हे कागद दोन दिवस भिंतीवर राहिले. त्यावर जो वाद झाला तो कुठल्याही मीटिंगपेक्षा कामाचा होता, कारण माणसं रेषेवर बोट ठेवून बोलत होती.

दुसरी गोष्ट खिडकीजवळच्या मशीनची. लांब इमारतीच्या उठावासाठी ऑफिसने ५९४ बाय १३५० मिलिमीटरचा खास कागद बनवलेला होता. तो आकार फक्त याच मशीनवर यादीत यायचा. ‘लांब शीट खिडकीजवळूनच निघते’ हे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात सांगितलं जायचं. पीसी-थ्री सगळ्यांकडे कॉपी झालेली असताना आकार एकाच ठिकाणी का, हे कोडंच होतं.

उत्तर प्लॉटर कॉन्फिगरेशन एडिटरमध्ये मिळालं. पीसी-थ्रीला जोडलेल्या पीएमपीचा पूर्ण पत्ता तिथे दिसतो, आणि तो होता त्या मशीनवरच्या, कधीच नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाच्या विंडोज खात्याच्या रोमिंग फोल्डरातला. खातं अजून त्या मशीनवर होतं म्हणून तिथे आकार सापडत होता. बाकी सतरा मशीनवर त्या पत्त्यावर काहीच नव्हतं. तिथे कागदाचा आकार चालत नाही अशी सूचना यायची, मग ड्राफ्ट्समन ए१ निवडून ‘फिट टू पेपर’ला टिक करायचा. अशा शीटवर स्केल १:१०० लिहिलेलं असलं तरी पट्टी लावून मापलं तर माप खोटं निघणार. हे किती शीटवर झालं असेल ते सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट प्लॉटरच्या नावाची. पीसी-थ्री विंडोजच्या प्रिंटरवर आधारलेली असली की त्या मशीनवर तो प्रिंटर नेमक्या त्याच नावाने बसवलेला असावा लागतो. इथे एकाच प्लॉटरची नावं मशीनगणिक निरनिराळी होती, कुठे ‘कॉपी १’ लागलेलं, कुठे आयपी पत्ता. मग ड्रायव्हर सापडत नाही असं सांगून ऑटोकॅड प्लॉटर ‘नन’ (कुठलाच नाही) करून ठेवायचं.

समोरचे पर्याय

थोरल्या भागीदारांचा पहिला प्रस्ताव होता की ऑफिसची सीटीबीच सोडून द्यावी. रेषेची जाडी लेयरला (ड्रॉइंगमधल्या थराला) द्यावी आणि ऑटोकॅडसोबत मिळणारी, सगळं काळं छापणारी मोनोक्रोम सीटीबी वापरावी. तत्त्वतः हे बरोबर आहे आणि नव्या ऑफिसने याच वाटेने जावं असं मी म्हणेन. पण इथे वर्षानुवर्षांचे ब्लॉक, दरवाजे-खिडक्यांचे तपशील, जुनी ड्रॉइंग सगळी रंगावर बेतलेली. ते बदलणं हा स्वतंत्र प्रकल्प झाला असता. हा प्रस्ताव नाकारला नाही, पुढे ढकलला.

दुसरा पर्याय, सर्व्हरवर एकच फोल्डर आणि सगळ्यांचे रस्ते, म्हणजे ऑप्शन्समधले फाइली शोधायचे पत्ते, तिकडे. सोपा, पण मंजुरी आणि आखातातलं काम यांच्या वेगळ्या गरजा त्यात कशा बसवायच्या हे ठरवावं लागणार होतं.

तिसरा, शोधाच्या रस्त्यात आधी प्रकल्पाचं फोल्डर आणि त्यानंतर ऑफिसचं. ऑटोकॅडच्या ऑप्शन्समध्ये एकापेक्षा जास्त फोल्डरं देता येतात आणि क्रमाने शोध होतो. म्हणजे प्रकल्पात ऑफिसच्या सीटीबीच्याच नावाची वेगळी सीटीबी ठेवली की तीच लागणार आणि पेज सेटअप बदलायची गरजच नाही. ऐकायला फार देखणं. धाकटे भागीदार याच्या प्रेमात पडले.

चौथा, तिसऱ्याचंच जरा शिस्तीचं रूप: प्रत्येक प्रकल्पाचं वेगळं प्रोफाइल, म्हणजे ऑप्शन्सचा साठवलेला संच, आणि डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट.

पहिला निर्णय: प्रोफाइल

समन्वयकाने प्रोफाइलचा मार्ग निवडला आणि मी त्याला विरोध केला नाही, कारण दोन प्रकल्पांवर करून पाहायला फार खर्च नव्हता. दोन प्रकल्पांची दोन प्रोफाइल बनली. प्रत्येकात प्लॉटर, पीएमपी आणि प्लॉट स्टाइल यांचे रस्ते आपापल्या प्रकल्पाच्या फोल्डराकडे. शॉर्टकटमध्ये स्विचने प्रोफाइलचं नाव दिलं.

पहिली अडचण एलटीची. तिथे प्रोफाइल नावाची गोष्टच नाही. सहा मशीन बाहेर पडली.

दुसरी अडचण जास्त मुळातली होती. हे रस्ते ड्रॉइंगचे नसून चालू असलेल्या सत्राचे असतात. सकाळी ‘अ’ प्रकल्पाच्या शॉर्टकटवरून ऑटोकॅड उघडलं, दुपारी ‘ब’ची डीडब्ल्यूजी एक्सप्लोररमधून डबल क्लिक केली, की ती त्याच चालू सत्रात उघडते आणि ‘अ’चे रस्ते वापरते. पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसमध्ये एका वेळी एकाच प्रकल्पाची ड्रॉइंग उघडी असतात असं समजणाऱ्याने ऑफिसमध्ये संध्याकाळी सहानंतर एक फेरी मारावी. दोन्ही प्रकल्पांत सीटीबीचं नाव एकच असल्यामुळे चुकीची फाइल लागली तरी कसलीच सूचना येत नव्हती. मूळ आजार होता तोच, फक्त आता त्याला फोल्डरांची व्यवस्था मिळाली होती.

प्रकल्पाच्या फोल्डरात स्वयंचलित लिस्प, म्हणजे ऑटोकॅडच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, ठेवून ड्रॉइंग उघडताना रस्ते बदलायचे, असंही एकाने सुचवलं. त्याचंही तेच होतं. दोन ड्रॉइंग एकदम उघडली की शेवटच्या ड्रॉइंगने लावलेला रस्ता सगळ्यांना लागू. शिवाय जुन्या एलटीत लिस्प चालत नाही.

दुसरा निर्णय: वेगळेपण नावात

इथे विचार उलटा फिरवावा लागला. फोल्डर वेगळं आणि नाव एकच ठेवलं तर चूक गुपचूप होते. नाव वेगळं आणि फोल्डर एकच ठेवलं, तर चुकीच्या मशीनवर ती फाइल सापडतच नाही, आणि प्लॉटच्या खिडकीत नावापुढे ‘मिसिंग’ येतं. माणूस तिथे थांबतो, शिव्या घालतो, विचारतो. चुकीची रेषा साइटवर जाण्यापेक्षा ते परवडलं.

म्हणून एकच लायब्ररी, सगळ्यांना तीच. आत दोन तऱ्हेची नावं. सामायिक फाइलींना ‘ऑफिस’ हा उपसर्ग: ऑफिस-काळी, ऑफिस-मंजुरी. प्रकल्पाच्या खास फाइलींना प्रकल्प क्रमांकाचा उपसर्ग. जुनं नाव कायमचं बाद, त्या नावाची फाइल लायब्ररीत ठेवायचीच नाही. यावर कुरकुर झाली, कारण जुन्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये तेच नाव होतं. पण सातांपैकी कुठली तरी एक त्या नावाने ठेवली असती तर जुनी ड्रॉइंग निमूटपणे तिच्यावर छापली गेली असती, आणि तेच टाळायचं होतं.

प्रकल्पासाठी खास फाइल कधी बनवायची याचा नियमही ठरला. ग्राहकाने किंवा मुख्य सल्लागाराने लेखी मागितली असेल तर, किंवा कागदाचा आकार असा असेल जो बाकी कुठे लागणार नाही. ‘मला जरा जाड हवी होती’ हे कारण चालणार नाही. मंजुरीची रंगीत सीटीबी मुद्दाम सामायिक ठेवली, कारण रंगांचे संकेत प्रकल्पागणिक बदलत नाहीत. धाकट्या भागीदारांना ती प्रत्येक प्रकल्पात वेगळी हवी होती. समन्वयकाने विचारलं, ‘सर, प्रकल्प संपल्यावर ती काढून कोण टाकणार?’ प्रश्न तिथेच मिटला.

अंमलबजावणी

भिंतीवरच्या कागदांवरून ऑफिस-काळी ठरली, सातांपैकी कुठलीच जशीच्या तशी नाही. भागीदारांनी छापलेल्या चाचणी शीटवर सही केली आणि ते शीट प्लॉटरच्या वर चिकटवलं.

लायब्ररी सर्व्हरवर, पण मशीन थेट सर्व्हरवरून वाचत नाहीत. सर्व्हर बंद पडला की प्लॉटिंगही बंद, आणि साइट ऑफिसमध्ये नेलेल्या लॅपटॉपला तर काहीच सापडणार नाही. म्हणून प्रत्येक मशीनच्या सी ड्राइव्हवर एकाच नावाचं फोल्डर, आणि सर्व्हरवरून तिथे रोबोकॉपी या विंडोजच्या कमांडने आरसा, म्हणजे सर्व्हरवरच्या फोल्डराची हुबेहूब प्रत. याचा एक मोठा फायदा पीएमपीला झाला. लांब शीटची पीएमपी या फोल्डरात आणून पीसी-थ्रीला नव्याने जोडली. आता पीसी-थ्रीत लिहिलेला पत्ता सगळ्या मशीनवर अक्षरशः एकच आहे आणि खराही आहे.

ऑप्शन्समधले तिन्ही रस्ते, म्हणजे प्लॉटर, पीएमपी आणि प्लॉट स्टाइल, या फोल्डराकडे वळवले. जुना रोमिंगचा रस्ता दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा का, यावर चर्चा झाली. ठेवला तर जुन्या सीटीबी यादीत दिसत राहणार, म्हणून काढला. तो काढला की सोबत येणाऱ्या फाइलीही दिसेनाशा होतात. पीडीएफची पीसी-थ्री आणि मोनोक्रोम आठवणीने लायब्ररीत टाकाव्या लागल्या. पूर्ण ऑटोकॅडवर रस्ते लिस्पच्या काही ओळींनी बसले, एलटीवर समन्वयकाने हाताने भरले.

लिहिण्याचा हक्क हा माझ्या मते या सगळ्यातला कळीचा भाग. प्लॉटच्या खिडकीतून प्लॉटरच्या प्रॉपर्टीज बदलल्या की ऑटोकॅड विचारतं: बदल या एका प्लॉटपुरता की पीसी-थ्रीत कायमचा? रात्री आठ वाजता, उद्या सकाळी सबमिशन असताना, माणूस जे बटण आधी दिसेल ते दाबतो. फोल्डर फक्त वाचण्यापुरतं असलं की दुसरा पर्याय चालतच नाही आणि बदल त्या प्लॉटबरोबर संपतो. लिहिण्याचा हक्क फक्त समन्वयकाला दिला.

इथे एक धडपड झाली. सुरुवातीला आरशाची बॅच फाइल लॉगइनच्या वेळी, वापरणाऱ्याच्याच खात्यावर चालत होती, त्यामुळे त्याला फोल्डरात लिहायचा हक्क द्यावा लागला होता. आखातातल्या कामावरच्या एका मुलीने तिथेच एक नवीन प्लॉट स्टाइल बनवून ठेवली. दुसऱ्या दिवशी लॉगइन केलं तर फाइल गायब, कारण मिरर स्विच मूळ फोल्डरात नसलेलं सगळं पुसतो. तिचं अर्धा दिवसाचं काम गेलं आणि नव्या व्यवस्थेचं नाव खराब झालं. मग ही कॉपी अॅडमिनच्या खात्यावर चालणारं शेड्यूल्ड काम केली आणि वापरणाऱ्यांचा लिहिण्याचा हक्क काढला.

त्याच गटाकडून दुसरी तक्रार आली की यादीत ऑफिसच्या सीटीबी दिसतच नाहीत, लायब्ररी बिघडली आहे. बिघाड नव्हता. मुख्य सल्लागाराचं टेम्प्लेट एसटीबीवर, म्हणजे नावाच्या प्लॉट स्टाइलवर चालणारं होतं. ड्रॉइंग एकतर सीटीबीचं असतं किंवा एसटीबीचं, आणि यादीत फक्त त्याच जातीच्या फाइली दिसतात. रूपांतर करणारी कमांड आहे, पण दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर ती चालवायची नाही असं ठरलं. फाइल परत जाते तेव्हा त्यांच्याकडे सगळ्या स्टाइल बदललेल्या दिसतील. त्यांची एसटीबी आधी प्रकल्प क्रमांकाच्या उपसर्गाने लायब्ररीत आली. नाव मात्र त्यांनी दिलेलंच, जसंच्या तसं ठेवलं नाही तर ड्रॉइंग ती शोधू शकत नाही, हे कळल्यावर नियमाला इथे अपवाद केला: बाहेरून आलेल्या फाइलीचं नाव बदलायचं नाही, फक्त ऑफिसमधल्या कुठल्याही नावाशी ते जुळत नाही ना, एवढं पाहायचं.

प्लॉटरचं नाव सगळ्या मशीनवर एक केलं, ड्रायव्हरही एकाच आवृत्तीचा. विंडोजचे बाकीचे प्रिंटर प्लॉटच्या यादीतून लपवले. नव्या टेम्प्लेटमध्ये पेज सेटअप तयार करून ठेवले आणि चालू प्रकल्पांत ते इम्पोर्ट केले. इम्पोर्टला क्षण लागतो. प्रत्येक लेआउटला (ड्रॉइंगमधल्या छपाईच्या पानाला) नवा सेटअप लावणं हे मात्र हाताचं, कंटाळवाणं काम होतं आणि ते प्रकल्पवार वाटून केलं. संपलेल्या प्रकल्पांना हात लावला नाही. त्यांच्यासाठी सातही सीटीबी एका बंद फोल्डरात मशीनच्या नावानिशी आहेत, आणि खरा आधार म्हणजे त्या वेळी बाहेर गेलेल्या पीडीएफ.

परिणाम

लांब शीट आता कुठल्याही मशीनवरून निघते. रंगीत जीएफसी पुन्हा गेलेली नाही. साइट ऑफिसच्या लॅपटॉपवरूनही तेच निघतं जे ऑफिसमधून निघतं, आणि ही सोय कुणी मागितलेली नसताना मिळाली.

व्यवस्थेची खरी परीक्षा एका क्रॅशने घेतली. एका मशीनवर ऑटोकॅड वारंवार बंद पडत होतं म्हणून हार्डवेअरवाल्याने ‘रिसेट सेटिंग्ज टू डिफॉल्ट’ चालवलं. तिन्ही रस्ते निमूटपणे पुन्हा रोमिंगकडे गेले. त्या संध्याकाळी प्लॉट करताना ‘ऑफिस-काळी’पुढे मिसिंग आलं आणि ड्राफ्ट्समनने समन्वयकाला हाक मारली. जुन्या पद्धतीत त्या मशीनच्या रोमिंगमधली जुनी सीटीबी लागून ड्रॉइंग निघून गेलं असतं.

पीडीएफ बाहेर जाण्याआधी उघडून पाहायची सवय मात्र अजून अर्धीच बसली आहे. घाईत ती आधी सुटते. नावं, फोल्डरं, हक्क यांनी हा प्रश्न सुटत नाही, आणि कंत्राटदाराच्या पत्राचं खरं कारण तेवढंच होतं असं मानणारा एक भागीदार आजही आहे. त्याचं अगदीच चुकतं असं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

प्रोफाइलची चाचणी घेण्याआधी दोन प्रकल्पांची ड्रॉइंग एका सत्रात उघडून पाहिली असती तर ती वाट पहिल्याच दिवशी बंद झाली असती. चाचणी सोयीच्या परिस्थितीत घेतली गेली.

आरसा सुरू करण्याआधी सगळ्यांना सांगायला हवं होतं की या फोल्डरात काही ठेवू नका. त्याहून बरं म्हणजे, सुरुवातीचे काही दिवस न पुसणारी साधी कॉपी ठेवायची. पुसणारा स्विच शेवटी.

लायब्ररीत लिहिण्याचा हक्क एकाच माणसाला देणं सुरुवातीला ठीक होतं. समन्वयक रजेवर गेली तेव्हा नव्या ग्राहकाची प्लॉट स्टाइल चार दिवस अडून राहिली आणि एकाने ती डेस्कटॉपवर ठेवून रस्त्यात डेस्कटॉपच जोडला. आता दुसऱ्या एका ड्राफ्ट्समनकडेही हक्क आहे, आणि प्रत्येक बदल एका साध्या एक्सेल शीटमध्ये लिहिला जातो: तारीख, फाइल, काय बदललं, कुणी सांगितलं.

पुढचं काम प्लॉटर बदलण्याचं आहे, जुना आता खर्चिक झाला आहे. पीसी-थ्रीचं नाव मॉडेलवरून न ठेवता ‘ऑफिस-रोल’ ठेवल्यामुळे नव्या यंत्राची पीसी-थ्री त्याच नावाने ठेवता येईल. पण कागदाच्या आकारांची आतली नावं प्रत्येक ड्रायव्हरची वेगळी असू शकतात. त्यामुळे ए१चं पेज सेटअप नव्या प्लॉटरवर तसंच चालेल हे गृहीत न धरता, आधी एका मशीनवर, एका चालू प्रकल्पाच्या सगळ्या शीटवर पट्टी लावून पाहायचं ठरलं आहे. जुना प्लॉटर तोवर विकायचा नाही.